सारातलं मीठ

"काढ ती काडी बाहेर," मिनोवा म्हणाले.

सुमिएने काढली नाही. काटा स्थिर व्हायला दहापर्यंत मोजावं लागतं, असं आरोग्य केंद्रातल्या ओगुचीबाईंनी सांगितलं होतं, आणि ती अजून सहावर होती. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, साराची वाफ तिच्या चष्म्यावर चढली होती. शेगडीपाशी मिनोवांची बायको झाकण हातात धरून उभी होती. नवऱ्याकडे बघावं की पातेल्याकडे, हे तिचं ठरत नव्हतं.

"एक पूर्णांक नऊ," सुमिए म्हणाली. तिने मीठ मोजायच्या यंत्राची काडी पुसली आणि वहीत आकडा लिहिला. "शंभरात एकच्या खाली हवं, काका. हे दुप्पट आहे."

"एकच्या खाली हवं हे कुणी ठरवलं?"

"डॉक्टरांनी."

"माझे आजोबा नव्वदीला गेले. रोज तीन वाट्या प्यायचे, हेच सार. त्यांना कुठला डॉक्टर भेटला होता?"

"आजोबांचं मला माहीत नाही. तुमचे धाकटे भाऊ एक्कावन्नाव्या वर्षी गेले, ते माहीत आहे. सफरचंदाच्या बागेत शिडीवरून पडले असं सगळे म्हणतात. ते पडून गेले नाहीत, काका. आधी झटका आला, मग पडले."

मिनोवा गावाचे प्रमुख होते. त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. आणि सुमिए कोइदे तर कुणाशीच बोलत नसे. लग्न होऊन कामिसावात येऊन तिला चोवीस वर्षं झाली होती, तरी तिचा आवाज कसा आहे हे अर्ध्या गावाला सांगता आलं नसतं.

मिनोवांनी वर्तमानपत्राची सावकाश घडी घातली. "सुमिए, एक विचारू? तुमच्या घरचा आकडा किती आहे गं?"

ती दारात बसून बूट चढवत होती. तिने नाडी घट्ट ओढली. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि तिचे कान भाजल्यासारखे तापले होते.

आरोग्यसेविकेचं काम गावात पाळीने येई. ज्या घरी पाळी येई त्या घरच्या बाईने दोन वर्षं ते सांभाळायचं, तालुक्याच्या सभेला जायचं, पत्रकं वाटायची, वर्षाअखेरीस चहा पिऊन गोड खाऊन मोकळं व्हायचं. त्यात कुणी जीव ओतल्याचं ऐकिवात नव्हतं. बाहत्तर साली पाळी कोइदे घरावर आली तेव्हा सुमिएच्या सासूने, तोमेआजींनी, एवढंच सांगितलं होतं, "जाऊन बस, मान डोलव आणि परत ये. वाटेत टोफू घेऊन ये."

पहिल्याच सभेत ओगुचीबाईंनी भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावला. अर्धांगाच्या झटक्याने जी माणसं गेली किंवा अंथरुणाला खिळली त्यांच्या घरांवर लाल टिंबं होती. कामिसावा म्हणजे डोंगराच्या कुशीत एकतीस घरं. त्यांवर अकरा टिंबं होती. सुमिएने आपलं घर शोधलं. तेही लाल होतं.

चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, तिचा नवरा तादाओ छपरावरचं बर्फ ओढायला निघाला आणि अंगणातच बसला. बसला तो उठलाच नाही. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. उजवं अंग गेलं, आणि शब्द उरले चार-पाच. "आई", "पाणी", "थंड", आणि एक अपशब्द, जो तो रेडिओवरच्या बातम्यांना उद्देशून वापरी.

ओगुचीबाई सांगत होत्या. सकाळी सार, दुपारी सार, रात्री सार. चहाबरोबर खारवलेल्या पाल्याचं लोणचं. भाताबरोबर खारवलेला मासा. सुमिए ऐकत होती. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर, लग्नाआधी तिने तो पाहिलाही नव्हता, आणि तरी या डोंगरातल्या माणसांच्या वाटीत अर्धा समुद्र होता. सभा संपल्यावर बाकीच्या बाया चहाकडे वळल्या. ती पुढे गेली आणि विचारलं, "ते मोजायचं यंत्र घरी नेता येतं का?"

नोव्हेंबर ते जानेवारी ती फिरली. लोकांना आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग राग. ती चढावरून खाली येताना दिसली की बाया पातेल्यात गरम पाणी ओतू लागल्या. मग तिने वेळा बदलल्या. कधी खालच्या घरापासून सुरुवात करी, कधी सकाळी सहालाच दार ठोठावी. पोरं तिला मीठवाली म्हणू लागली. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याने तिच्यादेखत वाटी तोंडाला लावली, शेवटचा थेंब प्यायला आणि वाटी मेजावर पालथी घातली. सुमिएने वहीत लिहिलं, "मोजता आलं नाही." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. चौथ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "मोज बाई, मोज आणि सुटका कर माझी."

"सार सोडा असं कोण म्हणतंय?" ती प्रत्येक घरी तेच सांगे. "सार चांगलंच आहे. मिसो निम्मा करा. सुकी मासळी जास्त वेळ उकळा, वाळवलेली अळंबी घाला, म्हणजे चवीला कमी पडणार नाही. मुळा, गाजर, बटाटा, टोफू, जे असेल ते घाला. वाटीत भाजी जास्त, रस कमी. आणि तीनदा ऐवजी एकदा."

"आणि उरलेल्या दोन वेळा काय प्यायचं? तुझे उपदेश?" कुणीतरी विचारी.

"ते अळणी आहेत," सुमिए म्हणे.

आपण असं उत्तर देऊ शकतो याचं तिला स्वतःलाच नवल वाटे. पण वहीत आकडे साठत होते. जानेवारी संपताना तीस घरं झाली.

एकतिसावं घर तिचं होतं.

कोइदे घरात बाकी स्वयंपाक सुमिए करी, पण साराचं पातेलं तोमेआजींचं. त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि पळी अजून त्यांनी खाली ठेवली नव्हती. दर एप्रिलमध्ये त्या सोयाबीन शिजवून कुटत, मीठ आणि बुरशी चढवलेला तांदूळ मिसळून देवदाराच्या पिंपात दाबत, वर नदीतले धोंडे ठेवत. तीन वर्षं मुरलेला तो मिसो गडद, जवळजवळ काळा होई. लग्नकार्य असो की गावाची सभा, सार तोमेआजींचंच. सून म्हणून आल्यावर पहिल्याच आठवड्यात सुमिएने एकदा सारात थोडं पाणी घातलं होतं. तेव्हा आजी म्हणाल्या होत्या, "पाणी प्यायचं असेल तर विहीर बाहेर आहे."

तादाओ पडल्यापासून त्याला सकाळी भरवायचं कामही त्यांनीच ठेवून घेतलं होतं. त्याच्या मानेखाली हात घालून, भातावर सार ओतून, चमच्याचमच्याने. त्या वेळी त्याचा अर्धा चेहरा हसे. दिवसातून तेवढ्याच वेळी.

सुमिएने यंत्र कितीदा तरी फडक्यातून काढलं आणि परत गुंडाळलं. आकडा आला की त्या आकड्याचं तोंड म्हातारीकडे असणार. तुम्ही तुमच्या मुलाला असं केलंत, असं ते यंत्र म्हणणार, आणि ते सुमिएच्या हातात असणार. बाहेर तीस उंबरठे झिजवायची तिची तयारी होती, पण आपल्या घरातल्या चार पावलांवरच्या शेगडीपर्यंत तिला जाता येत नव्हतं.

एका सकाळी निखाऱ्यांवर मांडलेल्या, रजई घातलेल्या मेजाखाली पाय उबेत ठेवून दोघी चहा पीत होत्या. आजींनी लोणच्याचं ताट सुमिएकडे सरकवलं.

"वहीत तीसच घरं आहेत म्हणे तुझ्या."

"हं."

"गावात एकतीस आहेत."

"हं."

"बरं," आजी म्हणाल्या आणि लोणच्याचा तुकडा कराकरा चावत राहिल्या.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी दुपारी गावाची सभा होती. गावाच्या सभागृहात चटयांवर घराघरातला एकेक पुरुष, आणि मागच्या स्वयंपाकघरात बाया. तादाओजवळ शेजारची मुलगी येऊन बसली होती, आणि तोमेआजी सकाळपासून सभागृहाच्या मोठ्या पातेल्यापाशी होत्या. सभा संपली की सगळ्यांना भाताचे गोळे आणि सार, हे ठरलेलंच. नवरा नसल्यासारखाच असल्यामुळे कोइदे घराच्या जागेवर सुमिए बसली, दाराजवळ, सगळ्यात शेवटी.

बर्फ काढायच्या पाळ्या ठरल्या. देवळाच्या छपराचं बोलणं झालं. मग मिनोवांनी घसा साफ केला.

"आणखी एक. ते मीठ मोजायचं यंत्र केंद्राला परत करून टाकावं असं माझं म्हणणं आहे. लोकांच्या घरात शिरून पातेल्यात काड्या घालणं शोभत नाही. आपल्या आयाबायांनी जन्मभर जे रांधलं त्याला एक सुई नावं ठेवणार का? आणि जी बाई गावभर फिरते तिने स्वतःच्या घरचं मोजलेलं नाही. तेव्हा हात वर करा आणि विषय संपवू."

काही जण हसले. चार-पाच हात वर गेलेही.

सुमिए उठून उभी राहिली. मांडीखाली आखडलेला पाय सुन्न झाला होता, म्हणून तिला खांबाला धरावं लागलं.

"वहीत तीस आकडे आहेत," ती म्हणाली. "कुणाचं नाव वाचत नाही. पण या एकतीस घरांतली अकरा माणसं झटक्याने गेली किंवा पडून आहेत. पडून असलेल्यांना कोण भरवतं? कूस कोण बदलतं? अंथरूण ओलं झालं की पहाटे ते नदीवर कोण नेतं?" ती मिनोवांकडे वळली. "मिनोवाकाका, हात वर करायला सांगताय ना, सांगा. पण ज्याने आपल्या माणसाचं ओलं अंथरूण एकदा तरी धुतलंय, त्यानेच हात वर करावा."

वर गेलेले हात हळूहळू खाली आले. एकाने तेवढ्यात कान खाजवला. स्वयंपाकघराचं सरकतं दार उघडं होतं आणि त्यात बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, मिनोवांची बायकोही.

मिनोवा लाल झाले. "बोलायला छान आहे. पण मी विचारलं त्याचं काय? तुझ्या घरचं का नाही मोजलंस?"

"हिंमत झाली नाही," सुमिए म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

"सुमिए."

बाया बाजूला झाल्या. तोमेआजी दारात उभ्या होत्या, पांढरा अॅप्रन, डोक्याला बांधलेलं फडकं, हातात पळी.

"इकडे ये. ती काडी घेऊन ये."

"आई, राहू दे."

"ये म्हणते ना."

सुमिए गेली. पातेलं पन्नास माणसांचं होतं. काळपट सारावर टोफूचे तुकडे आणि पातीचा कांदा तरंगत होता, आणि वास असा होता की एरवी कुणीही वाटी पुढे केली असती. तिने काडी बुडवली. दहापर्यंत मोजलं. मग पुन्हा एकदा दहापर्यंत मोजलं, कारण काट्याने दाखवलं ते तिला खरं वाटेना.

"किती?"

सुमिएने पुटपुटत सांगितलं.

"मोठ्याने सांग. मला कमी ऐकू येतं." आजींना बाहेर मांजर चाललं तरी ऐकू येई.

"दोन पूर्णांक तीन."

"गावात याच्याहून जास्त कुणाचं आहे?"

"नाही, आई."

तोमेआजींनी मान हलवली. मग त्या पळी घेऊनच पुरुषांच्या खोलीत आल्या. सभेत बाया बोलत नसत आणि म्हाताऱ्या बाया तर त्या खोलीत पाऊलही टाकत नसत.

"हे सार या गावाने चाळीस वर्षं प्यायलंय," त्या म्हणाल्या. "वाटी कुणी परत पाठवली नाही. सगळ्यात जास्त प्यायलं माझ्या पोराने. तो आता कुठे आहे, ठाऊक आहे तुम्हाला. मिनोवा, तुझा भाऊ त्या तिकडे खिडकीशी बसायचा आणि दोनदा मागायचा. मी दोनदा वाढायची. आता कुणाला मला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, माझ्या तोंडावर. घरी जाऊन बायकोच्या कानात नको."

छपरावरून बर्फाचा एक थर घसरून धप्पकन खाली पडला.

"नाही ना? मग ते यंत्र कुठे जाणार नाही. सुमिए, वहीत एकतिसावं लिही."

सुमिएने लिहिलं. आजींनी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावर झाकण घातलं आणि शेगडी बंद केली. त्या दिवशी गावाने भाताचे गोळे नुसत्या चहाबरोबर खाल्ले. मिनोवांनीही खाल्ले, खाली मान घालून. हात वर करायचं कुणी पुन्हा काढलं नाही.

परतताना दोघी बर्फातल्या अरुंद वाटेने एकामागे एक चालल्या होत्या. आजी पुढे होत्या. वळणावर त्या थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

"तुला कधी कळलं?"

"नोव्हेंबरमध्ये. सभेत."

"मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं." आजी दम घेत होत्या. "इस्पितळात. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. डॉक्टर म्हणाला, आजी, घरचं मीठ कमी करा, हे मिठाचंच आहे. मी हो म्हटलं. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही."

चार वर्षं. रोज सकाळी. तिने तोंड उघडलं आणि तिच्यासमोर ती वाकलेली पाठ होती, लोकरी शालीवर बर्फाचे कण पडलेले.

"का, आई?"

"सकाळी हसायचा ना तो," आजी म्हणाल्या. "दुसरं काय उरलं होतं त्याच्यापाशी? आणि मला काय येतं दुसरं?"

सुमिएला ओरडावंसं वाटत होतं. ते राग म्हणून की आणखी कशासाठी, तिला कळत नव्हतं. शेवटी ती पुढे झाली, आजींच्या हातातलं फडक्यात बांधलेलं पळी-भांड्यांचं गाठोडं तिने घेतलं, आणि या खेपेला ती पुढे चालू लागली. पायांनी बर्फ दाबत, मागच्या पायांना वाट होईल अशी.

दुसऱ्या सकाळी तोमेआजी नेहमीपेक्षा तासभर आधी उठल्या. त्यांनी सुकी मासळी डोकी काढून रात्रीच पाण्यात टाकून ठेवली होती. अळंबी, मुळा, गाजर. मिसो काढताना पळी अर्ध्यावर थांबली, आणि तशीच पातेल्यात गेली. "मोज," त्या म्हणाल्या. काटा एकच्या किंचित खाली थांबला. त्यांनी चव घेतली आणि तोंड असं केलं, जणू कुणी शिवी दिली.

तादाओने पहिला घास तोंडात धरला आणि ओठाच्या कोपऱ्यातून सोडून दिला. मग चेहरा भिंतीकडे वळवला. तो हसला नाही.

"थंड," तो म्हणाला. सार वाफाळत होतं.

"थंड नाहीये. अळणी आहे," आजी म्हणाल्या. "मीही हेच पितेय. बघ." आणि त्याच्यासमोर बसून त्यांनी पूर्ण वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्याने रेडिओसाठी ठेवलेला शब्द आईला वापरला. आजींनी त्याची हनुवटी पुसली आणि चमचा पुन्हा पुढे केला. सोळाव्या दिवशी त्याने गिळलं. हसला तो त्यानंतरही फारसा नाही. पण आणखी सात वर्षं जगला, आणि दुसरा झटका आला नाही.

सुमिएची दोन वर्षांची पाळी संपली तेव्हा पुढची बाई कोण, असं सभेत विचारलं गेलं. सुमिए म्हणाली, "मीच." मिनोवांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या घरचा आकडा तोवर एक पूर्णांक दोनवर आला होता, आणि तो आपल्या बायकोच्या हट्टामुळे आला असं ते सगळ्यांना सांगत.

मात्र त्या दोन वर्षांतल्या पहिल्या एप्रिलमध्ये तोमेआजींनी एक हट्ट केला होता. मिसो सारात निम्मा घालायचा, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. मिसोतच मीठ कमी घालून बघू, म्हणजे पळी भरून घालता येईल. ओगुचीबाई म्हणाल्या, "आजी, मीठ कमी पडलं तर नासेल." आजी म्हणाल्या, "पन्नास वर्षं पिंपं भरतेय मी, बाई." त्यांनी एक अख्खं पिंप तसं भरलं.

पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर त्यांनी धोंडे उतरवून झाकण काढलं. वास अंगणाच्या फाटकापर्यंत आला. वरचा थर खरवडला, मग त्याखालचा. हिरवा-काळा बुरा तळापर्यंत गेला होता. आजींच्या हातून फुकट गेलेलं हे पहिलंच पिंप.

"मी फेकते, आई," सुमिए म्हणाली.

"तू हात लावू नकोस."

त्यांनी फावडं घेतलं. बागेच्या कडेला, जिथे माती मऊ झाली होती तिथे खड्डा केला आणि एकेक घमेलं नेऊन ओतू लागल्या. चढाची वाट तिथूनच जायची. येणारे-जाणारे थांबत, बघत, पुढे जात. मिनोवाही थांबले. टोपी काढून उभे राहिले.

"सगळं गेलं का, तोमेवहिनी?"

"हे गेलं," आजी म्हणाल्या. "सोयाबीन भिजत घातलेत. या वेळी मीठ अंमळ वाढवते, आणि पिंप थंड खोलीत ठेवते. बघू."

शेवटचं घमेलं ओतून त्यांनी खड्ड्यावर माती ओढली आणि पायाने दाबली. मग पिंप आडवं पाडून त्या ते ढकलत ओढ्यापर्यंत घेऊन गेल्या. पाणी बर्फाचं होतं. बाह्या कोपरापर्यंत वर करून त्या पिंपाच्या आत जवळजवळ कमरेपर्यंत वाकल्या आणि काथ्याने तळ घासू लागल्या. काठावर उभ्या असलेल्या सुमिएला त्यांची फक्त पाठ दिसत होती, पुढे-मागे होणारी, आणि आतून घुमत येणारा घासण्याचा आवाज ऐकू येत होता.